नाविक आणि गगन: दोन्ही 'आपले', पण एक नव्हेत

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत फवारणीचा ड्रोन उतरला की कुणीतरी म्हणतोच, "हा आपल्या नाविकवर चालतो." दुसरा म्हणतो, "गगनवर." नाविक ही उपग्रहांवरून स्थान सांगणारी भारताची यंत्रणा, तर गगन ही जीपीएसला मदत करणारी. दोन्हींमागे इस्रो आहे, म्हणून ही गल्लत होते.

गगन स्वतः स्थान सांगत नाही, ते जीपीएसची चूक दुरुस्त करते. देशभरच्या 15 संदर्भ केंद्रांची जागा अचूक मोजलेली आहे. जीपीएसचे उत्तर तिच्याशी ताडून फरक काढला जातो आणि जीसॅट उपग्रहांवरून प्रसारित होतो. हा फरक मुख्यतः आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे पडतो. खरा उपयोग विमानांना: धावपट्टीवर रेडिओ संदेशांनी विमान उतरवणारी महागडी आयएलएस यंत्रणा नसली, तरी वैमानिकाला उतरताना उंचीचेही मार्गदर्शन मिळते. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान असेच उतरले. अमेरिकेने उद्या जीपीएस अडवले, तर मात्र गगनकडे दुरुस्त करायला काही उरणार नाही.

नाविक तेव्हाही चालेल, कारण त्याचे उपग्रह आणि संदेश स्वतःचे आहेत. भारत आणि सभोवतालचे 1500 किलोमीटर एवढाच त्याचा पल्ला, म्हणून सातच उपग्रह आखले होते. दुखणे निघाले घड्याळांचे. संदेश यायला लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचे अंतर काढतात. तो प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे वेळ एक मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) चुकली की अंतर 300 मीटरने चुकते. पहिल्या पिढीतली आयात केलेली अणुघड्याळे एकेक करून बंद पडली. 2025 साली संसदेत सरकारने सांगितले, तेव्हा स्थान सांगण्याच्या कामी चारच उपग्रह उरले होते. आणि स्थान काढायला किमान चार लागतात!

म्हणून एनव्हीएस ही नवी पिढी. 29 मे 2023 ला गेलेल्या एनव्हीएस-01 मध्ये भारतात घडवलेले रुबिडियम अणुघड्याळ आहे. शिवाय संदेशाच्या रेडिओ लहरींच्या जुन्या एल-5 आणि एस पट्ट्यांच्या जोडीला एल-1 आला. मला हा बदल घड्याळाइतकाच मोठा वाटतो, कारण बहुतेक साध्या फोनच्या चिपा एल-1 च ऐकतात. जानेवारी 2025 मध्ये एनव्हीएस-02 श्रीहरिकोट्याहून नीट उडाला, पण झडप न उघडल्याने इंजिन पेटले नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही.

बांधाच्या भांडणात मात्र फोनवर नाविक दिसते की गगन, याला अर्थ नाही. साध्या फोनची चूक काही मीटरची असते आणि भांडण फूटभराचे. तिथे भूमी अभिलेखची मोजणीच मागवावी.