रडण्याला चाल कुठून येते?

मयताच्या घरी एखादी बाई हेल काढून रडते. गेलेल्याला नात्याने हाक मारते, त्याचे गुण सांगते, 'आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू' म्हणून विचारते, आणि तिची प्रत्येक ओळ वर सुरू होऊन उतरत खाली येते. हे ऐकून शहरातल्या माणसाला शंका येते: रडू खरं असेल तर त्याला चाल कशी? या शंकेने त्या बाईवर अन्याय होतो, असं मला वाटतं. ती चाल बरीचशी गळ्यातूनच आलेली असते.

रडू येतं तेव्हा जास्त हवा आत यावी म्हणून शरीर स्वरयंत्राचं तोंड उघडं ठेवू पाहतं. आवंढा गिळायचा तर ते मिटावं लागतं. या ओढाताणीत गळा दाटून येतो. शिवाय स्वरतंतू फुफ्फुसातल्या हवेच्या दाबावर कंप पावतात. एका श्वासात लांब ओळ म्हटली की शेवटाकडे दाब कमी होतो आणि सूरही खाली घसरतो.

ब्राझीलमधल्या शोक्लेंग, शावांते आणि बोरोरो या आदिवासींचे विलाप ग्रेग अर्बन या मानवशास्त्रज्ञाने शेजारी ठेवून ऐकले आणि १९८८ मध्ये त्यावर लेख लिहिला. चाली निरनिराळ्या होत्या, पण रडण्याच्या चार खुणा त्याला पुन्हा पुन्हा भेटल्या: मध्येच फुटणारा आवाज, श्वास आत घेताना निघणारा आवाज, घरघरता सूर आणि एकदम वर चढलेला बारीक स्वर. चारही गोष्टी साध्या रडण्यातल्याच आहेत. विलापात त्या चालीत बसवल्या जातात. अर्बनचं म्हणणं असं, की ठरलेल्या रीतीने रडणारा माणूस दुःखासोबत आणखीही काही सांगत असतो: मी तुमच्यातलाच आहे, मला तुमच्यात राहायचं आहे.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण पापुआ न्यू गिनीत सापडतं. बोसावी पर्वताच्या परिसरातल्या पावसाळी जंगलात कालुली लोक राहतात. संगीताचा अभ्यास करणारा मानवशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड १९७६ मध्ये त्यांच्यात राहायला गेला. मेल्यावर माणूस पक्षी होतो, अशी कालुलींची श्रद्धा. त्यांची एक कथा आहे. एक मुलगा मोठ्या बहिणीबरोबर ओढ्यावर क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी, धरायला जातो. त्याला काहीच मिळत नाही. तो बहिणीकडे मागतो, ती देत नाही. हा आईसाठी, हा बाबांसाठी, हा भावासाठी. शेवटी एक इवलीशी कोळंबी त्याच्या हाती लागते. तिचं कवच तो नाकावर ठेवतो, नाक लालभडक होतं, हातांचे पंख होतात आणि मुनी नावाचं छोटं कबुतर होऊन तो रडत उडून जातो.

कालुली बायकांच्या विलापाचे तीन-चार उतरते सूर या मुनीच्या हाकेचे मानले जातात. एकीने सुरुवात केली की दुसरी तिच्यात आपला विलाप मिसळते. शब्द प्रत्येकीचे स्वतःचे: मेलेल्याबरोबर कुठल्या ओढ्यावर गेलो, कुठल्या झाडाखाली बसलो, त्या जागांची नावं. आवाज एकमेकांवर चढतात, पण एका सुरात बांधले जात नाहीत.

युरोपातल्या दरबारी संगीतातही हीच उतरंड दिसते. इटालियन संगीतकार क्लाउदिओ मोंतेवेर्दीने १६३८ मध्ये एका परित्यक्त अप्सरेचा विलाप छापला. त्याच्या खर्जात चारच सूर पुन्हा पुन्हा उतरत राहतात. आपल्या सरगमीत सा, कोमल नी, कोमल ध, प. पुढे असे उतरते चार सूर ऑपेरात विलापाची खूणच होऊन बसले. अप्सरेसोबत तीन पुरुष गातात, तिची कीव करतात. त्यांनी हाताने दिलेल्या तालात गावं आणि अप्सरेने मात्र आपल्या मनातल्या भावनेच्या तालात, अशी सूचना मोंतेवेर्दीने स्वतः लिहून ठेवली आहे.