एकाच शाईतला उजेड

तवा तापलाय, म्हातारी बसून धिरडी काढतेय आणि भोवती पोरंसोरं जमलीत. पुढ्यात जमिनीवर एक लहानगं आहे. हातातला घास कुत्र्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून त्याची कोण धडपड चाललीय! डच चित्रकार रेम्ब्रांटचं हे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र, 1635 सालचं आहे. धिरडी म्हणजे अर्थातच डच पॅनकेक. चित्र जेमतेम 11 बाय 8 सेंटिमीटरचं, तळहातावर मावेल एवढं.

म्हातारी सावळ्या छायेत दिसते, मागची पोरं उजेडात. पण करडा रंग चित्रात कुठेच नाही. काळी शाई आणि कोरा कागद, बस्स. मग ही छाया आली कुठून?

तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात. सुईने रेघ ओढली की तेवढ्यापुरता थर निघतो आणि खालचं तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात ठेवायचा. नायट्रिक आम्ल असेल तर रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने अलगद हलवावे लागतात, नाहीतर त्यांच्याखाली आम्ल नीट पोचत नाही आणि रेघ ओबडधोबड येते. द्रावण निळं-हिरवं होऊ लागतं, म्हणजे तांबं विरघळतंय. जितका वेळ जास्त, तितकी चर खोल. खोल चरीत शाई जास्त मावते, म्हणून ती रेघ गडद छापली जाते. ओलसर कागद दाबाखाली चरीत शिरतो आणि शाई उचलून घेतो.

उरलेलं काम आपला डोळा करतो. 30 सेंटिमीटरवरून साधारण 0.1 मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन रेघा त्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. मीटरभर लांबून हीच मर्यादा 0.3 मिलिमीटर होते. म्हणून चित्र डोळ्यांजवळ धरलं की म्हातारीचे कपडे म्हणजे नुसती तिरप्या रेघांची जाळी दिसते, आणि हात लांब केला की त्याच जाळीची मऊ सावली होते. हा अनुभव स्वतः घ्यावा असाच आहे.

मला वाटतं, ही छाया रेम्ब्रांटने विचार करून वाटली आहे. पोरं येतील, खातील, पळतील. त्यांना हलक्या रेघा पुरतात. म्हातारी मात्र दिवसभर त्याच जागी बसून राहणार. दाट रेघांनी तिला वजन आलंय.