काप की खिमा? डोनरच्या वादाची पार्श्वभूमी

डोनर म्हणजे उभ्या सळईवर फिरवत भाजलेलं आणि सुरीने कापून उतरवलेलं मांस. त्याच्या नावाला आणि कृतीला संरक्षण मिळावं म्हणून तुर्कस्तानातल्या डोनर उत्पादकांच्या महासंघाने युरोपीय संघाकडे केलेला अर्ज सप्टेंबर २०२५मध्ये मागे घेतला. तीन वर्षं चाललेला वाद त्या दिवशी कागदोपत्री संपला. जर्मन वर्तमानपत्रांनी तो आपला विजय म्हणून छापला, तुर्की वर्तमानपत्रांनी अन्याय म्हणून. या दोन्ही मांडण्यांत खाणारा माणूस कुठेच नव्हता. त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न इतकाच, की सळईवर मांसाचे काप रचलेत की खिमा थापलाय. आणि हा प्रश्न युरोपीय संघाच्या ब्रसेल्समध्ये उपस्थित झालेला नाही. तो बर्लिनमध्ये १९८०च्या दशकापासून पडून आहे.

उभ्या सळईवर मांस फिरवत भाजण्याची रीत ऑटोमन काळातली. १८५५च्या सुमारास इस्तंबूलमध्ये काढलेल्या एका छायाचित्रात अशी सळई स्पष्ट दिसते. पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरुमकडे ती अजून आडवीच असते. पुण्या-मुंबईत मिळणारा शोरमा, ग्रीसमधला गिरोस आणि मेक्सिकोतले ताको अल पास्तोर ही सगळी याच कुळातली मंडळी.

जर्मनीतला अध्याय सुरू होतो ३० ऑक्टोबर १९६१ला तुर्कस्तानशी झालेल्या कामगार भरतीच्या कराराने. १९७३मध्ये भरती थांबली, तेलसंकटानंतर कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्या आणि अनेक तुर्की कुटुंबांनी छोटी दुकानं थाटली. पावात भरलेला डोनर पहिल्यांदा कोणी विकला यावर किमान तीन दावे आहेत. एक १९६९चा, एक १९७१चा आणि एक १९७२चा. शेवटचा दावा बर्लिनच्या प्राणिसंग्रहालय स्थानकाजवळच्या दुकानदाराचा. उत्पादकांच्या एका संघटनेने २०११मध्ये त्याचा सत्कार केल्यामुळे तोच सर्वत्र छापला जातो. या शोधातून फारसं काही हाती लागत नाही, कारण पावात डोनर घालून देणं इस्तंबूललाही नवं नव्हतं. बर्लिनने भर घातली ती वेगळी: जाड चपट्या पावाचा चतकोर, त्यात लाल आणि पांढरा कोबी, कांदा, टोमॅटो आणि तीन सॉस (लसणाचा, हिरव्या पानांचा, तिखट). चालता चालता एका हाताने खाता येईल असं हे पूर्ण जेवण होतं, आणि पाळीवर जाणाऱ्या कामगाराला नेमकं तेच हवं होतं.

सुरुवातीच्या दुकानदारांनी सळई स्वतः रचली. हे काम वेळखाऊ आहे. मांसातल्या शिरा काढायच्या, पातळ रुंद काप करायचे, कांद्याचा रस, दही किंवा दूध, मीठ, मिरी यांत रात्रभर मुरवायचे, मग एकेक काप सळईत ओवत जायचं आणि मधूनमधून चरबीचा थर द्यायचा. वरचे काप रुंद आणि खालचे अरुंद ठेवले, तर वरची चरबी वितळून सगळ्या उंचीभर ओघळते आणि खालचं मांस कोरडं पडत नाही. थर एका बाजूला कलले, तर फिरताना फुगलेली बाजू आचेजवळ येते आणि करपते, आत गेलेली बाजू कच्ची राहते. म्हणून रचून झाल्यावर कडा सुरीने छाटतात आणि छाटण पुन्हा मधल्या थरांत बसवतात.

मागणी वाढली तसं हे काम दुकानातून कारखान्यात गेलं. तिथे सळईवरच्या मांसाचा शंकू रचून, प्लॅस्टिकमध्ये आवळून, उणे १८ अंशांना गोठवून पाठवला जाऊ लागला. आणि इथेच खिमा शिरला. खिमा स्वस्त पडतो, कारण त्यात लहान तुकडे आणि छाटण खपतं. शिवाय मीठ घालून मळलेल्या खिम्यातली प्रथिनं चिकट होतात, त्यामुळे शंकू एकसंध राहतो आणि सुरी गुळगुळीत फिरते. तोटा असा, की बारीक केलेल्या मांसात जंतू सगळीकडे मिसळतात. अखंड कापात ते बहुतांशी पृष्ठभागावर असतात. शंकूची फक्त बाहेरची बोटभर जाडी भाजली जाते आणि आतलं तासन्‌तास कोमट होत राहतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा. दुपारच्या गर्दीत सुरी घाईने खोल गेली, तर गुलाबी मांस ताटलीत पडतं. अशा वेळी ते तव्यावर पुन्हा परतूनच द्यायला हवं. रात्री उरलेला शंकू परत गोठवून दुसऱ्या दिवशी लावणं तर थेट धोक्याचं. त्यावर उपाय एकच: दिवसभरात संपेल एवढ्याच वजनाचा शंकू मागवायचा.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या अन्न तपासनिसांनी आणि व्यावसायिकांनी मिळून डोनरची व्याख्या लिहून काढली. पुढे ती देशभराच्या मार्गदर्शक तत्त्वांत आली. मांस फक्त गोवंशाचं किंवा मेंढीचं. खिमा जास्तीत जास्त ६० टक्के, बाकी काप. मीठ, मसाले, अंडी, कांदा, तेल, दूध, दही यांखेरीज काही नाही. कोंबडीच्या डोनरमध्ये खिमा अजिबात नाही आणि कातडी जास्तीत जास्त १८ टक्के. यापलीकडे काही घातलं, म्हणजे पिठूळ पदार्थ, वरून पाणी किंवा जास्तीचा खिमा, तर पाटीवर ‘डोनर’ लिहिता येत नाही. ‘ड्रेश्पीस’, म्हणजे नुसती फिरती सळई, असं लिहावं लागतं.

हा ६० टक्क्यांचा आकडा आजवरच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. निम्म्याहून जास्त खिमा असलेल्या पदार्थाला कापांच्या पदार्थाचं नाव देण्याची ती अधिकृत परवानगीच झाली. तेव्हाच्या कारखान्यांना सोयीची तडजोड, यापलीकडे त्या आकड्याला आधार दिसत नाही. खाणाऱ्याने ओळखायचं कसं? शंकूकडे नीट पाहावं. कापांच्या शंकूवर थरांच्या आडव्या रेषा दिसतात, पृष्ठभाग खडबडीत असतो आणि सुरीखाली वेगवेगळ्या आकाराचे, धागे दिसणारे तुकडे पडतात. खिम्याचा शंकू लाटण्यासारखा गुळगुळीत असतो आणि त्यातून एकसारख्या लांब पट्ट्या निघतात.

नोव्हेंबर २०००मध्ये जर्मन गाईत वेड्या गाईचा रोग सापडला, गोमांसाची विक्री कोसळली आणि कोंबडीचा डोनर घरोघरी पोचला. २००७मध्ये बव्हेरियातून नवी लेबलं चिकटवलेलं टाकाऊ मांस बर्लिनच्या डोनर कारखान्यांत आल्याचं उघड झालं. त्याच दशकात नवनाझी टोळीने स्थलांतरितांचे खून पाडले आणि वर्तमानपत्रांनी त्या खुनांना ‘डोनर खून’ म्हटलं. डोनरच्या दुकानात मारले गेलेले फक्त दोघे होते. त्या शब्दप्रयोगाला जर्मनीत २०११चा सर्वांत निंद्य शब्द ठरवलं गेलं, ते योग्यच झालं.

डिसेंबर २०१७मध्ये प्रश्न फॉस्फेटचा आला. गोठवलेल्या शंकूत फॉस्फेट घातलं की मांस पाणी धरून ठेवतं आणि काप एकमेकांना चिकटून राहतात. नियमांत त्याला स्पष्ट परवानगी नव्हती, तरी वापर सर्रास होता. ती परवानगी देण्याचा प्रस्ताव हृदय आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या भीतीने रोखण्याचा प्रयत्न युरोपीय संसदेत झाला. रोखायला ३७६ मतं हवी होती, पडली ३७३. फॉस्फेट तीन मतांनी वाचलं.

त्यानंतर २०२२चा अर्ज. त्यात मागितलेला दर्जा आपल्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनासारखा नव्हता. तुर्कस्तानातल्या गाझिआन्तेपच्या बकलावा या मिठाईला २०१३मध्ये तसं भौगोलिक संरक्षण मिळालं होतं. डोनरसाठी मागितला तो ‘पारंपरिक वैशिष्ट्य’ हा दर्जा. त्यात जागा बांधली जात नाही, फक्त कृती बांधली जाते. नेपल्सच्या पिझ्झाला हाच दर्जा आहे आणि ती कृती पाळून कोणीही, कुठेही तो पिझ्झा त्या नावाने विकू शकतो. म्हणजे ‘तुर्कस्तान जर्मनीचा डोनर हिरावून घेणार’ ही ओरड मुळातच चुकीची होती.

अडचण होती ती कृतीतल्या तपशिलांची. गोमांस किमान १६ महिन्यांच्या जनावराचं आणि भाजून उतरवलेले काप ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे. बर्लिनमध्ये सर्वाधिक नावाजला जाणारा वासराच्या मांसाचा डोनर वयाच्या अटीतच बाद होत होता. टर्कीचं मांसही यादीत नव्हतं. भाजीच्या डोनरचं काय, याला उत्तर नव्हतं. एप्रिल २०२४मध्ये अर्ज अधिकृत राजपत्रात आला. त्याच आठवड्यात जर्मन राष्ट्राध्यक्ष इस्तंबूलच्या दौऱ्यावर बर्लिनहून ६० किलोचा शंकू घेऊन गेले होते आणि दोन्ही देशांत त्यावर टीका झाली. हरकतींसाठी तीन महिने होते. जर्मन सरकारने शेवटच्या दिवशी हरकत नोंदवली. नंतरच्या वाटाघाटींत तोडगा निघाला नाही.

जर्मनीची हरकत वासराच्या मांसापुरती रास्त होती. अर्ज लिहिणाऱ्यांनी साठ वर्षांत परदेशात तयार झालेली पद्धत जमेस धरली नाही. पण हरकतीच्या आड ६० टक्क्यांचा खिमाही सुखरूप राहिला, आणि त्यावर दोन्हीकडून जवळजवळ कोणी बोललं नाही. २०२४च्या उन्हाळ्यात जर्मनीत चर्चा होती ती किमतीची. मोठ्या शहरांत डोनर सात युरोंच्या पुढे गेला होता आणि एका डाव्या पक्षाने ४.९० युरोंची कमाल मर्यादा मागितली होती. किमतीवर लगाम लागला नाही. महाग कापांऐवजी खिमा वाढवण्याचा मोह मात्र वाढला.

अर्ज मागे गेल्यामुळे जर्मनीत जुनीच तत्त्वं लागू आहेत. तो कायदा नाही, पण तपासनीस आणि न्यायालयं त्याच मोजपट्टीने पाहतात. नमुना प्रयोगशाळेत जातो, सूक्ष्मदर्शकाखाली अखंड स्नायूंचे धागे आणि बारीक केलेलं मांस यांचं प्रमाण मोजलं जातं. मर्यादा ओलांडली असेल तर दुकानदाराला पाटी बदलावी लागते, शंकू नाही.