दिल्लीचा आकडा आणि राज्याचं संमतीपत्र

पांझरेच्या पुलावरून कुणी काळपट पाण्याचा फोटो टाकला की खाली पहिलं उत्तर ठरलेलं: ‘दिल्लीले पत्र लिख ना भो!’ नदी गिरणा असो का गोमाई. आपल्याकडे दिल्लीचं केंद्रीय मंडळ आणि राज्याचं मंडळ, दोघांना ‘प्रदूषण मंडळ’ हा एकच शब्द चालतो, घोळ तिथूनच.

राज्याचं मंडळ ठाऊकच आहे. कारखान्याला संमतीपत्र, म्हणजे सांडपाणी सोडायची अटींसह परवानगी, तेच देतं, नमुना तेच घेतं, वीज-पाणी तोडायचा आदेशही काढतं. पाणी हा राज्याचा विषय. महाराष्ट्राने १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला होता. केंद्राचा १९७४ चा जल कायदा इथे १९८१ ला लागू झाला.

अडखळतात ते मानकांवर. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये नदीत सोडायच्या सांडपाण्याचा सर्वसाधारण बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते तो आकडा, जास्तीत जास्त लिटरला ३० मिलिग्रॅम दिलाय (काही उद्योगांचे आकडे वेगळे आहेत). लोक समजतात, याच्या पुढे राज्याला जाताच येत नाही. साफ चूक! नदीची अवस्था बघून राज्याचं मंडळ ३० चे १० करू शकतं. ५० मात्र नाही. म्हणजे दिल्लीने ठरवलाय तो उंबरठा; त्याच्या आत किती कडक राहायचं, ते राज्याने बघायचं.

एका कारखान्याच्या गेटवर मला अहवाल दाखवला होता: बीओडी २२. ‘साहेब, तीसच्या आत आहे.’ मी संमतीपत्र मागितलं. त्यात लिहिलं होतं १०. त्या कारखान्यापुरता कायदा तो १० च, बाकी गप्पा. म्हणून तक्रारीआधी संमतीपत्राची प्रत मिळवा, बाटली नंतर. तशीही तुमच्या बाटलीतलं पाणी कोर्टात टिकत नाही. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर सील करून घ्यावा लागतो.

मग दिल्लीचा धाक काहीच नाही? आहे. केंद्रीय मंडळाचे लेखी निर्देश राज्याच्या मंडळावर बंधनकारक असतात आणि ते राज्य सरकारच्या आदेशाशी भिडले तर निकाल केंद्र सरकार देतं. पण संमतीपत्राविरुद्धचं अपील तिकडे जात नाही. ते आधी राज्याच्या अपिलीय प्राधिकरणाकडे, मग राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाकडे.

दिल्लीला पत्र लिहायची खरी जागा म्हणजे तापी. मुलताईला उगम, बऱ्हाणपूरवरून आपल्याकडे, पुढे उकाई आणि सुरत. वरून घाण आली तर आपलं मंडळ मध्य प्रदेशातल्या कारखान्याचं संमतीपत्र रद्द करू शकत नाही. दोन राज्यांच्या मंडळांतलं भांडण सोडवणं हे कायद्यानेच केंद्रीय मंडळाचं काम आहे.