उंचावरील प्रक्षेपण केंद्र

दूरचित्रवाणी व नभोवाणीचे कार्यक्रम डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यावरून आसपासच्या प्रदेशाला पोहोचवणारे केंद्र. दूरचित्रवाणीच्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेआड गेलेल्या गावात चित्र क्षीण होते. प्रक्षेपकाची शक्ती वाढवून ही उणीव फारशी भरून निघत नाही, उंचीच लागते. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१ने गुणले की लहरींच्या क्षितिजाचे अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळते.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण सिंहगडाचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गडावरून पुण्यासाठी त्याचे सहक्षेपण होऊ लागले. गड सुमारे १,३०० मी. उंच, पुणे ५६० मी.; सातशे मीटरहून जास्त उंची सह्याद्रीने फुकटात दिली. तिथून क्षितिज शंभर किमीपलीकडे जाते. सोलापूर मात्र अडीचशे किमीवर.

सोलापूरला असा डोंगर नाही. शहर सुमारे ४६० मी. उंचीच्या सपाट पठारावर आहे आणि बालाघाटची धार थेट तुळजापूरला, ४५ किमीवर. म्हणजे उंची लोखंडानेच उभारायची. १०० मी. मनोऱ्याचे क्षितिज ४१ किमी. त्यात अक्कलकोट येते, पंढरपूर आणि बार्शी येत नाहीत. अशा काठावरच्या गावांत अँटेना उंच पाइपवर चढवून बूस्टर जोडावा लागे. अँटेनाची मागची दांडी सर्वांत लांब, पुढच्या आखूड. आखूड टोक मनोऱ्याकडे वळले की पडद्यावरच्या मुंग्या कमी होत. गच्चीवर एकाने पाइप फिरवायचा आणि घरातून दुसऱ्याने ‘आलं, आलं’ ओरडायचे, ही त्या काळची खरी जुळणी.

शेजारच्या विजापूर, गुलबर्गा जिल्ह्यांतल्या निवडक खेड्यांना १९७५-७६मध्ये मनोऱ्याशिवायच चित्र मिळाले होते. ‘साइट’ या उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या प्रयोगात एटीएस-६ उपग्रहाचे संदेश कोंबड्यांच्या जाळीपासून केलेल्या, सुमारे ३ मी. व्यासाच्या तबकडीवर थेट घेत. प्रयोगाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

मध्यम लहरी जमिनीलगत वळत जातात, म्हणून जुन्या आकाशवाणी केंद्रांना डोंगराची गरज भासली नाही. एफएम व्हीएचएफ लहरींवर चालते, म्हणून तिला ती भासते. दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२पर्यंत देशात जवळजवळ सर्वत्र थांबले. आकाशवाणी सोलापूर १०३.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते आणि तिच्या टप्प्याला वरचेच गणित लागू पडते.