कोणाच्या हातचं लिनक्स?

विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्यावर चालत नाही, अशी कितीतरी माणसं तेव्हापासून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीची चौकशी करताहेत. माझ्या भाच्याचंही तेच झालं. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप घेऊन तो आला आणि म्हणाला, “मामा, लिनक्समधलं उबंटूच टाकायचंय. पण हे बघ, एकाने ते छान सजवून, हलकं करून ठेवलंय. अधिकृत नाहीये. टाकू का?”

‘अधिकृत नाही’ म्हटलं की आपल्याला चोरून छापलेलं पुस्तक आठवतं. लिनक्समध्ये तसं काही नसतं. सोर्स कोड घ्या, बदला, पुन्हा वाटा, ही मुभा परवान्यातच दिलेली असते. मग अधिकृत आणि अनधिकृत हा भेद आला कुठून, आणि त्याने आपल्या लॅपटॉपला काय फरक पडतो? भाच्याला एका वाक्यात उत्तर देणं मला जमलं नाही, कारण या प्रश्नामागे तीस वर्षांहून मोठा इतिहास आहे.

लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये जगाला दिलं ते फक्त कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रणालीचा गाभा. त्याला शेल, कंपायलर, एडिटर अशी साधनं जोडून वापरण्याजोगी प्रणाली उभी करायचं काम ज्याने त्याने करायचं होतं. १९९२ मध्ये पीटर मॅकडोनल्ड यांनी हे सगळं एकत्र बांधून एसएलएस या नावाने दिलं. अशा तयार बांधणीला वितरण म्हणतात. ते झपाट्याने पसरलं, पण त्यात चुका फार होत्या. अमेरिकेत मिनेसोटात शिकणाऱ्या पॅट्रिक व्होल्कर्डिंगने त्या दुरुस्त केल्या आणि १७ जुलै १९९३ रोजी आपली दुरुस्त प्रत स्लॅकवेअर या नावाने सर्वांसाठी खुली केली. महिन्याभरात, १६ ऑगस्टला, पर्ड्यू विद्यापीठातल्या इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली. एसएलएसला तोही वैतागला होता, पण त्याने डागडुजी न करता नव्याने पाया घालायचं ठरवलं. आज चालू असलेल्या लिनक्स वितरणांत ही दोन सर्वांत जुनी. त्यांतलं एक दुसऱ्याच्या कामाची दुरुस्ती म्हणून जन्मलं आणि दुसरं त्याच कामावरच्या रागातून. जर्मनीतल्या सूझे या वितरणाची सुरुवातही स्लॅकवेअरचं जर्मन रूप म्हणूनच झाली. तेव्हा दुसऱ्याचं लिनक्स घेऊन बदलणं हा या घराण्याचा मूळ धर्मच आहे.

बदल करावासा का वाटतो, याचं उत्तम उदाहरण १९९८ चं आहे. त्या जुलैत केडीई या देखण्या डेस्कटॉपची पहिली आवृत्ती आली. तो क्यूटी नावाच्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, उभा होता आणि क्यूटीचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून रेड हॅट या लिनक्स कंपनीने केडीईला आपल्या सीडीत जागा दिली नाही. फ्रान्समधल्या गाएल द्यूवाल या तरुणाने रेड हॅट ५.१ घेतलं, त्यात केडीई बसवलं, आकडाही ५.१ असाच ठेवला आणि मॅन्ड्रेक लिनक्स म्हणून देऊन टाकलं. मूळ वितरकाने तत्त्वासाठी बाहेर ठेवलेली गोष्ट वापरणाऱ्याच्या सोयीसाठी आत आणायची, हा प्रकार पुढे वारंवार दिसतो. मॅन्ड्रेक इतकं वाढलं की त्याची स्वतंत्र कंपनी झाली. इंद्रजाल कॉमिक्स वाचून मोठ्या झालेल्यांना ते नाव कुठून आलं हे लगेच कळेल. जादूगार मॅन्ड्रेकच्या हक्कधारकांनाही ते कळलं, प्रकरण फ्रेंच कोर्टात गेलं, आणि २००५ मध्ये ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा या लिनक्स कंपनीशी विलीन होताना त्याचं मॅन्ड्रिवा झालं. कोड मुक्त असतो, नाव मुक्त नसतं. या गोष्टीकडे पुन्हा यायचं आहे.

२००० मध्ये क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याचं क्नॉपिक्स आलं आणि हे काम एकट्या माणसाच्या आवाक्यात आलं. सुमारे दोन जीबीचं सॉफ्टवेअर त्याने दाबून एका सातशे एमबीच्या सीडीत बसवलं होतं. सीडी घातली की डिस्कला हात न लावता डेबियन सुरू. ती सीडी उलगडा, नको ते काढा, हवं ते भरा, पुन्हा बांधा, झाली आपली आवृत्ती. याला लोक ‘रीमास्टर’ करणं म्हणू लागले. दिवाणखान्यात बसून एक माणूस ‘लिनक्स वितरण’ काढू शकतो हे तेव्हापासून खरं आहे, आणि या विषयातला आनंद आणि धोका दोन्ही त्यातूनच आले.

ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवर आधारलेलं उबंटू आलं. त्याच्या सीडी २०११ पर्यंत फुकट, पोस्टाने घरपोच यायच्या. आपल्याकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांत अनेकांनी पाहिलेलं पहिलं लिनक्स म्हणजे ते कागदी पाकीट. ते टाकलं की पहिली तक्रार ठरलेली: गाणी वाजत नाहीत. एमपीथ्रीवर पेटंट होती, त्यामुळे ते वाजवणारा कोडेक सीडीत देता येत नव्हता. इंटरनेट असेल तर तो नंतर घालता यायचा, पण घरोघरी ब्रॉडबँड नसलेल्या त्या दिवसांत ही अट जड होती.

ही पोकळी दोघांनी दोन तऱ्हांनी भरली. एक होतं ऑटोमॅटिक्स. बटण दाबलं की कोडेक, फ्लॅश, फॉन्ट सगळं बसवून देणारं साधन. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. २००७ मध्ये उबंटूचे विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी त्याचा कोड तपासला आणि ते प्रणालीला प्रत्यक्ष धोकादायक आहे असा निष्कर्ष काढला. सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याच्या पॅकेज व्यवस्थेला वळसा घालून ते फायली बदलत होतं, आणि त्याचं बिल पुढच्या आवृत्तीवर जाताना यायचं. दुसरा मार्ग होता लिनक्स मिंटचा. क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये उबंटूच्या पायावर ते सुरू केलं आणि कोडेक आधीच भरून दिले. आज उबंटूवर आधारलेल्या वितरणांत मिंट हे फार लोकप्रिय नाव आहे. एकाच गरजेतून निघालेल्या या दोन वाटा. फरक एवढाच की मिंटने पॅकेजची शिस्त पाळली, आणि बांधून दिलेल्या वस्तूची देखभाल वर्षानुवर्षं केली.

मिंटलाही टीका चुकली नाही. त्यांचा अपडेट मॅनेजर अपडेटना एक ते पाच अशा पायऱ्या लावायचा आणि कर्नलसारखे नाजूक बदल आपणहून पुढे करायचा नाही. मशीन बिघडू नये हा हेतू. २०१३ मध्ये उबंटूच्या एका विकासकाने उघड म्हटलं की अशाने सुरक्षेच्या दुरुस्त्या अडून राहतात, अशा मशीनवर मी बँकेचे व्यवहार करणार नाही. वाद पेटला. २०१८ च्या मिंट १९ पासून त्यांनी धोरण फिरवलं: सगळे अपडेट घ्या, आणि बिघडलंच तर टाइमशिफ्ट या साधनाने आधीच्या स्थितीला मागे या. माझ्या मते हा वाद या सगळ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी धडा आहे. वॉलपेपर, आयकॉन, मेनू यांकडे आपलं लक्ष जातं. पण सुरक्षेची दुरुस्ती आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आणि किती दिवसांनी येते, यावर मशीनचं भलंबुरं ठरतं.

आता नावाकडे. २००६ मध्ये मोझिलाने डेबियनला सांगितलं की फायरफॉक्स हे नाव वापरायचं तर आमचं बोधचिन्ह आणि बदलांना आमची मान्यता हवी. डेबियनने ब्राउझर ठेवला, नाव बदलून आइसवीझल केलं, आणि ते २०१६ पर्यंत चाललं. उबंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीनेही ट्रेडमार्कचे नियम केले. किरकोळ बदल करून ‘रीमिक्स’ म्हणायला वाव, पण मोठे बदल करून वाटायचं तर मान्यता घ्या किंवा चिन्हं काढून पॅकेज स्वतः पुन्हा बांधा. हे मुक्त परवान्यांशी जुळत नाही अशी तक्रार झाली आणि बऱ्याच चर्चेनंतर जुलै २०१५ मध्ये कंपनीने एक कलम घातलं: मूळ मुक्त परवान्याने दिलेल्या हक्कांवर या धोरणाचा परिणाम होत नाही. ‘अनधिकृत’ या शब्दाचं मूळ असं बरंचसं ट्रेडमार्कच्या कायद्यात आहे. हा शब्द गुणवत्तेचा दाखला म्हणून कधीच घडला नव्हता.

म्हणूनच अनधिकृत ते अधिकृत हा प्रवासही सरळ होत आला आहे. वेगळा डेस्कटॉप घातलेलं उबंटू माटे २०१४ मध्ये बाहेरचं म्हणून आलं आणि पुढच्याच वर्षी घरात घेतलं गेलं. उबंटू बजीचं तसंच झालं, उबंटू सिनॅमनला २०२३ मध्ये मान मिळाला. कॅनॉनिकलने सोडून दिलेला युनिटी डेस्कटॉप भारतातल्या एका शाळकरी मुलाने २०२० मध्ये रीमिक्स काढून जिवंत ठेवला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तोही अधिकृत झाला. हे वाचताना मला आजही भरून येतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. क्रंचबँग हे डेबियनवरचं एकट्या माणसाचं, अतिशय नेटकं वितरण. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याच्या कर्त्याने थांबायचं ठरवलं आणि तसं प्रामाणिकपणे सांगितलं. वापरणारे उघड्यावर पडले का? बहुतेक नाही. त्यांचे अपडेट थेट डेबियनच्या सर्व्हरवरून येत होते, ते येत राहिले. वर बसवलेला साज जुना झाला, पाया शाबूत राहिला. ज्यांच्या आवृत्तीचं स्वतःचं वेगळं भांडार, म्हणजे सॉफ्टवेअर ठेवलेला सर्व्हर, असतं, त्यांचं मात्र भांडार बंद पडलं की सगळंच थांबतं. सेंटओएसचं उदाहरण आणखी बोलकं. रेड हॅटच्या व्यावसायिक प्रणालीची ही मोफत पुनर्बांधणी हजारो सर्व्हरवर चालत होती. २००९ मध्ये तिच्या बाकीच्या विकासकांना उघडं पत्र लिहून, डोमेनचा ताबा असलेल्या सहकाऱ्याला ‘कुठे आहेस?’ असं विचारावं लागलं. पुढे २०१४ मध्ये रेड हॅटने प्रकल्प आपल्याकडे घेतला, म्हणजे अधिकृत छत्र मिळालं. आणि त्याच छत्राखाली डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ वर्षभरात संपेल. अधिकृत असणं हीसुद्धा हमी नाही ठरली.

डाउनलोडच्या विश्वासाचा प्रश्न वेगळाच. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात घुसून कोणीतरी मिंट १७.३ च्या सिनॅमन डेस्कटॉपवाल्या प्रतीची लिंक बदलली. त्या दिवशी ती उतरवून घेणाऱ्यांना मागचं दार उघडं असलेली प्रत मिळाली. टॉरंटने घेणारे वाचले. फाइल बदलली आहे का हे पडताळायचे आकडे, म्हणजे चेकसम, लिंकच्या शेजारी, त्याच संकेतस्थळावर असले तर घुसणारा तेही बदलू शकतो. म्हणून फाइलवर कर्त्याची डिजिटल सही असलेली पाहावी लागते. इतक्या मोठ्या प्रकल्पाचं हे झालं, तर कोणा एकाने फाइल शेअरिंगवर टाकलेल्या, सही नसलेल्या आयएसओबद्दल, म्हणजे इन्स्टॉल करायच्या प्रतीच्या फाइलबद्दल, किती सावध राहावं?

आपल्या देशातही हे काम झालं आहे, पण त्यामागे संस्था होत्या. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स डेबियनवर उभं राहिलं आणि मराठीसह भारतीय भाषा त्यात मिळू लागल्या. केरळने शाळांसाठी आपली प्रणाली बांधली, २०१९ ची आवृत्ती उबंटू १८.०४ वर होती. वर्गात लागणारी साधनं भरलेली, शिक्षकांना शिकवलेली, बिघडलं तर विचारायला माणूस असलेली.

आणि डेबियनची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये डेबियन ६ ने कर्नलमधलं सगळं अमुक्त फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या चिपला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, बाहेर काढलं. तत्त्व स्वच्छ होतं, पण वायफाय चिप फर्मवेअरशिवाय जागीच होत नाही, आणि फर्मवेअर उतरवायला वायफाय लागतं. तेव्हा फर्मवेअर घातलेली प्रत डेबियनच्याच माणसांनी बांधली, डेबियनच्याच सर्व्हरवर ठेवली, आणि तिच्यावर ‘अनधिकृत’ लिहिलं. दहा-बारा वर्षं जाणकार नवख्यांना हळूच तीच घ्यायला सांगत. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकल्पातल्या मतदानाचा निकाल लागला, आणि १० जून २०२३ ला डेबियन १२ आलं तेव्हा फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच होतं.

हे सगळं भाच्याला सांगून झाल्यावर आम्ही त्याची आवृत्ती पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवली, डिस्कला हात न लावता, आणि सॉफ्टवेअर कुठून येतं ती यादी उघडली. तीन ओळी उबंटूच्या होत्या. चौथी त्या कर्त्याच्या स्वतःच्या भांडाराची, आणि हलकं कर्नल तिथूनच येत होतं. त्या भांडारात शेवटची भर दोन वर्षांपूर्वीची. आयएसओवर सही नव्हती. भाचा बराच वेळ त्या चौथ्या ओळीकडे बघत राहिला. मग आम्ही झुबंटू, म्हणजे उबंटूचंच हलकं अधिकृत रूप, टाकलं आणि त्याला आवडलेले आयकॉन, डॉक आणि तो निळा वॉलपेपर संध्याकाळपर्यंत एकेक करून स्वतः बसवले.