पीसीचं ग्राफिक्स कार्ड थकलंय की प्रोसेसर? पैसे घालायच्या आधी एवढं बघा

दिवाळी जवळ आली की आमच्या बेळगावच्या ग्रुपवर एकच विषय, गेम अडकायलाय, कार्ड बदलूया. मग कोण खडेबाजारात चौकशी करतंय, कोण कोल्हापूरला जाऊन आणतो म्हणतंय, कोण ऑनलाईन सेलची वाट बघत बसलंय. पण कार्ड कमी पडणं वेगळं आणि प्रोसेसर कमी पडणं वेगळं, दोन्हीत एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात ते) पडतात म्हणून लोक गोंधळतात आणि पैसे भलतीकडंच जातात. इथं बऱ्याच पोरांचा पीसी घरच्यांनी पैसे साठवून घेऊन दिलेला असतो, त्यामुळं हे मला खरंच बघवत नाही.

प्रत्येक फ्रेमचा हिशोब आधी प्रोसेसर करतो, कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, काय काय दाखवायचं, आणि मग कार्ड ते चित्र काढतं. दोघांत जो हळू, गेम त्याच्याच वेगानं चालणार.

आता ओळखायचं कसं? एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्ड आणि प्रोसेसर किती काम करतायत ते दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डवर पण चालतं. व्हीसिंक (एफपीएस स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएस लिमिट आधी बंद करा, कारण ६० वर लॉक असेल तर चांगलं दमदार कार्ड पण रिकामं बसलेलं दिसतं. मग खेळताना जीपीयू युसेज (कार्ड किती टक्के कामात आहे ते) सतत ९५ च्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर बहुतेक प्रोसेसरचं काम उरकत नाहीय. आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ४० टक्केच दाखवतोय म्हणजे तो मोकळा आहे असं धरू नका, एकच कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग) पूर्ण भरलेला आणि बाकीचे रिकामे असले तरी सरासरी कमीच येते.

तरी खात्री नसेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, म्हणजे कार्डवरचा भार उतरला. एफपीएस चांगलेच वाढले तर कार्ड बदला. जागचे हलले नाहीत तर नवीन कार्डनं पण हलणार नाहीत!

वडगावातल्या माझ्या मित्राकडं आय५-७४०० प्रोसेसर होता, चार कोअर, चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. त्यानं जीटीएक्स १०६० कार्ड काढून आरटीएक्स ४०६० घातलं. सायबरपंकचे ग्राफिक्स वाढवता आले, पण तो रोज खेळतो व्हॅलोरंट, त्यात फरक जवळपास शून्य, कारण तिथं प्रोसेसरच कमी पडत होता. त्याच मदरबोर्डवर सेकंडहँड आय७-७७०० बसला असता. रायझन प्रोसेसरवाल्यांचं याबाबतीत बरं आहे, बी४५० बोर्डवर बायोस (बोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० चालतो, बोर्ड बदलायला नको.

एक मधलीच भानगड पण आहे. कार्ड तापलं की स्वतःचा क्लॉक, म्हणजे वेग, कमी करतं, युसेज मात्र ९९ च दाखवतं, त्यामुळं कार्ड म्हातारं झालंय असंच वाटतं. उद्यमबागच्या कारखान्यांच्या आसपास राहत असाल तर आधी कॅबिनेट उघडून फॅन आणि हीटसिंकमधली धूळ काढा, मगच टेस्ट घ्या.

आणि कार्डच बदलायचं ठरलं तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, बघा. जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट पुरतात, बऱ्याच मॉडेलला वेगळी वायर पण लागत नाही, ४०६० ला ११५ वॅट आणि वेगळी पॉवर वायर लागते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या लोकल एसएमपीएसवर ते लावू नका, त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.